एक वॉर्ड, एक नगरसेवक

महोदय,
मुंबईत एकसदस्यीय आणि इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग ठेवण्याचा निर्णय मला मान्य नाही. गोरेगावात पाण्यासाठी लढलेल्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत पोहोचल्या. पण लोकांसाठी त्या कायम ‘पाणीवाली बाई’च राहिल्या. रिकामा हंडा घेऊन कोणाच्या दारी जायचे, हे गोरेगावातल्या बायकांना पक्के ठाऊक होते. आमच्या प्रभागात मात्र चौघा नगरसेवकांचे फोटो एकाच फलकावर झळकतात. गटाराचे झाकण फुटले की पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे. जाब विचारायला एकच नगरसेवक असण्याचा मुंबईकरांचा हक्क पुणे-नाशिककरांना का नाकारला जातो, याचे उत्तर सरकारने द्यावे.
– एक मतदार, पुणे