बोजा आणि सही

सातारा, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात चार भिंतींच्या टेकडीवर बसलो असताना तू विचारलेस की, पहिला माणूस आदाम याने देवाने मना केलेले फळ खाल्ले आणि त्याचा दोष काल जन्मलेल्या बाळाच्या माथी, हा कुठला न्याय? उपासनेची वेळ झाली म्हणून मी उठलो खरा, पण उत्तर माझ्याकडे तयार नव्हते, हे तुझ्याही लक्षात आले असेल.

तुझ्या आधी सोळाशे वर्षांपूर्वी हेच पेलाजियस नावाच्या, ब्रिटनहून रोमला आलेल्या तपस्व्याने विचारले होते. देव आज्ञा देतो त्याअर्थी ती पाळण्याची शक्ती माणसात आहेच, आणि आदामाने मागे ठेवला तो वाईट कित्ता, दोष नव्हे, असे त्याचे म्हणणे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याला ते पटेना. त्याच्या मते माणूस निवड करतो खरा, पण आदामापासून त्याची इच्छाच वाकलेली असल्यामुळे देवाच्या कृपेवाचून ती चांगल्याकडे वळत नाही. पोप झोसिमसने 417 मध्ये पेलाजियसच्या बाजूने कौल दिला आणि कार्थेजच्या धर्मसभेनंतर, 418 मध्ये, त्यालाच दोषी ठरवले; कौल फिरवण्याची कला आपल्याकडचीच नव्हे.

दूधभावाला पिताना पाहून मत्सराने फिकट पडणाऱ्या तान्ह्या मुलाचे वर्णन ऑगस्टीनने केले आहे. परवा सून शेजारचे बाळ मांडीवर घेऊन बसली, तेव्हा आमचा दहा महिन्यांचा नातू, पोट भरलेले आणि हातात खुळखुळा असताना, ओठ काढून त्याच्याकडे एकटक पाहत राहिला आणि रांगत जाऊन त्याचे टोपडे ओढून आला. हा कित्ता त्याने कोणाचा गिरवला?

वाकडेपणा मात्र वेगळा आणि अपराध वेगळा. बाबांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा तसाच राहिला आणि तो मला फेडावा लागला, पण कर्जाच्या कागदावरची सही बाबांची होती व मला कोणी कर्जबुडव्या म्हटले नाही. ऑगस्टीन सहीही माझीच धरतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातले 5व्या अध्यायाचे 12वे वचन त्याने लॅटिनमध्ये वाचले आणि 'ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले' असा अर्थ घेतला. मूळ ग्रीकचा अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा आहे आणि आमच्या मराठी बायबलातही तसाच उतरला आहे. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मरण आणि दुर्बळता वारशाने येतात असे मानले, दोष नव्हे. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही, असे बायबलातल्याच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 18व्या अध्यायातही आहे. वाल्याच्या बायकोमुलांनी त्याला वेगळे काय सांगितले होते?

बाप्तिस्म्यावाचून गेलेल्या तान्ह्यालाही ऑगस्टीनच्या हिशेबात शिक्षा आहे, मग ती सर्वांत सौम्य का असेना. माझा धाकटा भाऊ चौथ्या दिवशी गेला, बाप्तिस्मा राहिला. आईने तेव्हाच्या पाळकांना त्याच्याबद्दल विचारले. त्यांनी वचने वाचली, उत्तर दिले नाही. मुले किती, असे कोणी विचारले की आई शेवटपर्यंत त्याला धरून चार सांगत असे. म्हणून ऑगस्टीनबरोबर मला शेवटपर्यंत जाववत नाही.

पेलाजियसकडेही जाववत नाही, कारण ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस मी तंबाखू सोडतो आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी माझा अंगठा आपोआप चुन्याची डबी शोधू लागतो. इच्छा पूर्ण स्वतंत्र आहे, असे त्या डबीपाशी बसून कोणत्या तोंडाने म्हणू?

आता माझा एक प्रश्न. सत्यनारायणाच्या पूजेत तुम्ही 'पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः' म्हणता. पापकर्मा मला समजतो, तिथे सही स्वतःची आहे. पण 'पापसंभवः' म्हणजे जन्मच पापातून झालेला ना? गुरुजींना विचारून सविस्तर कळव.

तुझा,
बालमित्र