आस्थापना विभागातील ताईंना एका निवासी डॉक्टरचे जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मेडिसिन विभागातील माझी तीन वर्षांची निवासी डॉक्टरकी या महिन्यात पूर्ण होत आहे. शिक्षकांचे आभार निरोप समारंभात मानले जातील आणि प्रबंधाच्या पहिल्या पानांवर त्यांची नावेही आहेत. परंतु नवी मुंबईतील आपल्या रुग्णालयाच्या आस्थापना विभागात बसून तुम्ही आम्हा निवासी डॉक्टरांसाठी जे केलेत, त्याची नोंद कोठेही होत नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

रुजू होण्याच्या दिवशी मूळ प्रमाणपत्रे, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी आणि बँक खात्याचा तपशील यांबरोबरच तुम्ही हिपॅटायटिस बी लशीच्या तिन्ही डोसांचा दाखला आणि अँटीबॉडीचा, म्हणजे लशीमुळे रक्तात तयार झालेल्या संरक्षक घटकांचा, अहवाल मागितलात. ज्यांच्याकडे अहवाल नव्हता त्यांना त्याच दुपारी रक्त देण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवलेत आणि अहवालाची एक प्रत आमच्या फाइलमध्ये, तर दुसरी अपघात विभागात ठेवून घेतलीत.

त्या दुसऱ्या प्रतीचे मोल मला एका रात्रपाळीत कळले. रक्त घेताना ग्लानीतील रुग्णाने अचानक हात झटकला आणि सुई माझ्या अंगठ्यात शिरली. वॉर्डातील ड्रेसिंगच्या कपाटाच्या दाराला आतून, संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरांकडून तपासून घेऊन तुम्ही लावलेला कागद होता: जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा, पिळू नका, स्पिरिट लावू नका, लगेच अपघात विभागात कळवा, एचआयव्हीप्रतिबंधक औषधाची गरज असल्यास पहिला डोस शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत घ्या. हे सारे आम्ही पुस्तकात वाचलेले असते, पण सुई स्वतःच्या बोटात गेल्यावर डोके चालत नाही आणि समोरचा कागद चालतो. माझी अँटीबॉडीची पातळी संरक्षणासाठी लागणाऱ्या १० या आकड्याच्या बरीच वर असल्याचा अहवाल लगेच हाती आल्याने हिपॅटायटिस बीची काळजी तिथेच मिटली. एचआयव्हीची औषधे मात्र २८ दिवस घ्यावी लागली. सकाळी तुम्ही स्वतः फोन केलात, घटनेचा अर्ज भरून घेतलात, पुढील तपासण्यांच्या तारखा लिहून दिल्यात, आणि मळमळीने उभे राहवत नव्हते त्या दिवसांची रजा विभागप्रमुखांकडून मंजूर करून आणलीत. अर्ज हाती देताना तुम्ही आधी "जेवलीस का?" असे विचारलेत, तेही मला आठवते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत कामाची निकड सांभाळून एक साप्ताहिक सुट्टी, वर्षाला २० दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आणि ५ दिवसांची शैक्षणिक रजा नमूद आहे. कागदावर हक्क असणे आणि ड्यूटीच्या तक्त्यात रजा लागणे यांत मोठे अंतर असते, आणि माझ्या मते ते अंतर परिपत्रकांनी कमी होत नाही, रजेचे रजिस्टर नेमाने भरणाऱ्या माणसामुळे होते. प्रत्येक विभागाच्या शिल्लक रजा तुम्ही दर महिन्याला कळवत होतात, त्यामुळे रजा मागताना आम्हाला कोणाची मनधरणी करावी लागली नाही. त्याच तक्त्याच्या मागे तुम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही छापलात. आमच्यापैकी एकीने कठीण काळात त्यावर फोन केला होता. तिच्या परवानगीने एवढेच लिहिते.

पदव्युत्तर शिक्षणात काही काळ जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात काम करावे लागते, त्या जिल्हा निवासी कार्यक्रमाच्या तीन महिन्यांसाठी आमच्यातील काही जण अलिबागला, तर काही शहापूरला गेले. त्या काळात विद्यावेतन मूळ महाविद्यालयच देते, पण त्यासाठी तिकडची हजेरी इकडे पोहोचावी लागते. ती वेळेवर यावी म्हणून तुम्ही दोन्हीकडच्या कार्यालयांशी बोलत राहिलात आणि आमच्यापैकी कोणाचेही विद्यावेतन अडकले नाही. घरी पैसे पाठवणाऱ्या निवासी डॉक्टरला याचा किती आधार वाटतो, हे आमच्या तुकडीतील अनेक जण सांगतील.

ताई, या सर्वांबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. पुढील महिन्यात मी ठाण्यातील एका रुग्णालयात रुजू होत आहे. कपाटावरील त्या कागदाची एक प्रत तिथल्या वॉर्डात लावण्यासाठी मला हवी आहे. तुमची हरकत नसेल, तर शनिवारी कार्यालयात येऊन ती घेऊन जाईन.

कळावे,

आपली नम्र,
मेडिसिन विभागातील एक निवासी डॉक्टर