‘गोठले’ हा शब्द जरा जपून वापरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात पहिल्या पानावर ‘कोल्हापूर गोठले!’ असा ठळक मथळा होता. खाली किमान तापमान १४ अंश, रंकाळ्यावरचे धुके आणि कानटोप्या घालून फिरायला निघालेल्या दोघा गृहस्थांचा फोटो. त्यातला डावीकडचा मी. फोटोबद्दल तक्रार नाही, बरा आला आहे. तक्रार ‘गोठले’बद्दल आहे.

मी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या कामात एकतीस वर्षे काढली, शेवटची नऊ फोरमन म्हणून. गेल्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च सौ. आणि मी मुलीकडे होतो, अलास्कात, फेअरबँक्सला. मुलगी तिथे विद्यापीठात गोठलेल्या जमिनीवर संशोधन करते. (‘जमिनीवर कसलं संशोधन? सातबारा काढायचा की,’ असा सल्ला आमच्या कट्ट्यावरून तिला गेला होता.) आपण सतराव्या अक्षांशाच्या जरा खाली, ते गाव पासष्टाव्याला टेकलेले. तेव्हा गोठण्याविषयी चार शब्द लिहायचा अधिकार मला आहे, असे मी धरून चालतो.

विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले तेव्हा उणे ३१ होते. पहिल्याच श्वासाला नाकातले केस एकमेकांना चिकटले. मग मिशी. आमच्या घराण्याच्या हिशेबाने माझी मिशी साधारणच, पण सामान गाडीत टाकेपर्यंत श्वासाची वाफ तिच्यावर बसून ती चुना लावल्यासारखी पांढरी आणि कडक झाली. जावई म्हणाले, ‘बाबा, हात लावू नका.’ कोल्हापूरच्या माणसाला मिशीला हात लावू नका म्हणणारा हा पहिलाच. पीळ दिला असता तर मोडलीच असती बहुतेक. गाडीत बसल्यावर ती वितळून शर्टावर ठिबकायला लागली आणि सौ.ला तेवढ्यासाठी आणलेला रुमाल सापडेना.

आता गाड्यांविषयी, कारण खरे पाहता मी तिथे तेच बघत बसलो होतो. प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक विजेची पिन लोंबत असते, तहानलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखी. मला वाटले सगळ्या बॅटरीवरच्या गाड्या. तसे नाही. इंजिनच्या ब्लॉकमध्ये, कूलंटच्या पाण्यात एक हीटर बसवलेला असतो. आपल्या बादलीत सोडायच्या कॉइलचा चुलतभाऊच म्हणा. ऑइलच्या चेंबरला खालून आणखी एक तापणारी पट्टी चिकटवलेली, आणि बॅटरीला विजेची गोधडी. ऑफिस, बाजार, दवाखाना, जिथे गाड्या लावायच्या तिथे खांब, आणि खांबाला प्लग. आपल्याकडे बैलाला दावणीला बांधतात तशी गाडी खांबाला बांधायची. निघताना पिन काढायची विसरून लोक तसेच सुटतात. पिन तुटते किंवा खांब वाकतो. आमच्या जावईबापूंनी मी असताना दोनदा तोडली. दुसऱ्या वेळी ती मी जोडून दिली आणि पाच महिन्यांत माझा पहिल्यांदा उपयोग झाला.

हे सगळे कशासाठी? उणे ३५ ला इंजिनमधले ऑइल काकवीसारखे होते आणि बॅटरीतला जोर निम्माही उरत नाही. सेल्फ मारला तर नुसते ‘टक्’. आपल्याकडेही थंडीत उसाच्या फडावर पहाटे इंजिन घ्यायचे नाही, तेव्हा रॉकेलचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचा आणि हँडल मारायचे. हे मी जावयांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, तिथे आधी हँडल हातमोज्याशिवाय धरून दाखवा. बरोबर होते. तिथे उघड्या हाताने लोखंड धरले तर कातडी लोखंडाकडेच राहते.

डिझेलचीही तीच तऱ्हा. उन्हाळी डिझेलमध्ये मेण असते, ते थंडीत सुटे होऊन फिल्टर बंद करते. म्हणून हिवाळ्यात पहिल्या नंबरचे पातळ डिझेल घालतात, म्हणजे जवळपास आपले रॉकेलच. आमच्याकडे डिझेलमध्ये रॉकेल घालणाऱ्याला लोक नावे ठेवायचे. तिथे तो शहाणा ठरला असता. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू झाली, तरी टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटे होऊन कडक झालेले. पहिला किलोमीटर गाडी धाड धाड धाड करत जाते, चौकोनी चाकांवर चालल्यासारखी. आणि सीट? पाटावर बसा नाहीतर सीटवर बसा, सारखेच.

कट्ट्यावर आल्यापासून मला रोज एकच प्रश्न असतो. ‘उणे चाळीस म्हंजे किती रं?’ आता मी असे सांगतो : आपल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ असते. उणे ४० च्या दिवशी जरा ऊब हवी वाटली तर उठून फ्रीजरमध्ये जाऊन बसायचे. आणि उणे ४० चा एक फायदा आहे, तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे मुलीशी आकड्यांवरून वाद होत नाही. विद्यापीठाच्या दारात तापमानाचा मोठा विजेचा फलक आहे. त्यावर उणे ४० लागले की पोरे-पोरी पोहायच्या कपड्यांवर त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात आणि जिवाच्या आकांताने पळतात. मी ते डोळ्यांनी पाहिले. लंगोटावर मैदानात उतरण्याचे कौतुक कोल्हापूरला काय सांगावे. पण खासबागेत निदान लाल माती तरी ऊबदार असते. शाळेतल्या मुलांना उणे २९ पर्यंत मधल्या सुट्टीत बाहेर सोडतात. आपल्याच अंकात परवा ‘थंडीमुळे सकाळच्या शाळेची वेळ बदला’ असे एका पालकाचे पत्र होते. ते कापून मुलीला पाठवले आहे.

सूर्याचे थोडक्यात सांगतो, कारण तो आलाच थोडक्यात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमारास दक्षिणेला उगवायचा आणि पावणेतीनच्या आत दक्षिणेलाच मावळायचा. सौ.ची देवपूजा आणि सूर्योदय पहिल्यांदाच एका वेळेला झाले. उत्तरेचा हिरवा प्रकाशही पाहिला. सुंदर असतो. मान फार दुखते.

स्वयंपाकघरात मात्र मौज होती. घराच्या मागच्या लाकडी ओट्यावर आपोआप फ्रीजर. सौ.ने एकदा पातेलेभर तांबडा रस्सा उरला म्हणून झाकण ठेवून बाहेर ठेवला, वर दगड, कारण तिथले डोमकावळे आपल्या कावळ्यांच्या दुप्पट आणि अक्कलही दुप्पट. सकाळी पाहतो तर वर कटाचा लाल थर, खाली कातळ, आणि पळी त्यात झेंड्याच्या काठीसारखी उभी. गॅसवर ठेवायला धीर नव्हता, एवढा सगळा वितळवून करायचा काय? जावयांची हॅकसॉ मागितली, पातेले उलटे करून गरम पाण्याने तो गड्डा सोडवला आणि रश्श्याच्या वड्या पाडल्या. हाडापाशी ब्लेड बदलावे लागले. रोज दोन वड्या कढईत टाकायच्या. आठ दिवस पुरला.

मुलीचा एक सहकारी गावाबाहेर लाकडी खोपटात राहतो. शिकलेला, चांगला पगारदार माणूस, पण घरात नळ नाही. तिथे हे सर्रास आहे, कारण खालची जमीन गोठलेली. पाइप टाकला तर फुटतो, विहीर परवडत नाही. पाणी गावातून कॅनमध्ये भरून आणतो, अंघोळ विद्यापीठात करतो. मला एकदम घरच्यासारखे वाटले. संडास अंगणात, वीस पावलांवर. उणे ३५ ला लाकडी किंवा प्लास्टिकच्या बैठकीवर बसायची माणसाची छाती होत नाही, म्हणून बैठक थर्माकोलसारख्या जाड निळ्या फोमची कापलेली असते. फोम अंगातली ऊब ओढून घेत नाही, त्यामुळे बसताक्षणी गार लागत नाही. मी बसून खात्री केली. खाली जे साठते ते पसरत नाही, गोठून खांबासारखे वर वर येत राहते, आणि त्यासाठी कोपऱ्यात एक दांडका ठेवलेला असतो. आपले दैनिक घरोघरी चहाबरोबर वाचले जाते, म्हणून इथेच थांबतो.

पण मला खरा थक्क केला तो तेलाच्या पाइपने. अलास्काच्या उत्तर टोकापासून दक्षिणेच्या बंदरापर्यंत सुमारे १,२८७ किलोमीटर, १९७७ साली त्यातून तेल वाहायला लागले. फेअरबँक्सच्या थोडे पुढे तो रस्त्याकडेलाच बघायला मिळतो. निम्म्याहून जास्त लांबी जमिनीच्या वर, खांबांवर. मी विचारले, पुरला का नाही? मुलगी म्हणाली, बाबा, तेल गरम असते, पुरला तर जमीन वितळेल आणि पाइप खचेल. म्हणजे या लोकांना थंडीची भीती नाही, जमीन गरम होईल याची भीती! म्हणून त्या खांबांत बंद नळ्या बसवल्या आहेत, आत अमोनिया. हिवाळ्यात खालच्या जमिनीतली उष्णता घेऊन अमोनियाची वाफ होते, वर जाते, वरच्या पंख्यांसारख्या पात्यांत गार होऊन परत खाली उतरते. मोटर नाही, पंप नाही, व्हॉल्व्ह नाही, ग्रीस लावायला नको. अशा सव्वा लाखाच्या आसपास नळ्या. मी उणे २७ मध्ये त्या खांबाखाली वीस मिनिटे मान वर करून उभा होतो, शेवटी सौ.ने दंडाला धरून गाडीत बसवले. तिला वाटले मी गोठलो.

अजून एक. नेनाना नावाचे गाव आहे, तिथे टनाना नदी हिवाळ्यात दगडासारखी होते. बर्फावर लाकडी तिवई उभी करतात, तिची दोरी काठावरच्या घड्याळाला जोडलेली. उन्हाळ्याच्या तोंडी बर्फ सुटून तिवई सरकली की घड्याळ थांबते, आणि ज्याने तो दिवस, तास, मिनिट सगळ्यांत जवळचे लावले त्याला पैसे. १९१७ साली रेल्वेच्या इंजिनिअरांनी आठशे डॉलर जमवून हा खेळ सुरू केला. म्हणजे आकडाच, पण कायदेशीर, म्हणून छापायला देतो. मी २ मे, दुपारी सव्वाचार लावले होते. लागले नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ वर धोका हे ज्याला पाळण्यात पाठ होते त्याला नदीचा अंदाज येऊ नये, हे मनाला लागले. तेव्हा मुलगी म्हणाली, २०१९ मध्ये तिथला बर्फ १४ एप्रिललाच सुटला, इतका लवकर तोवर कधीच नाही. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा पंचावन्न फुटांच्या वर गेली होती आणि मी शाहूपुरीत बहिणीच्या माळ्यावरून तिची कागदपत्रे होडीने काढत होतो. त्यावर आम्ही दोघेही जरा वेळ काही बोललो नाही.

आता तुमच्या मथळ्याकडे येतो. एक कबूल केले पाहिजे. त्या पाच महिन्यांत मला थंडी अशी वाजली नाही. बाहेर उणे ४० असो, घरात २१ अंश. मी बनियन आणि पायजम्यावर हिंडत होतो. दाराला दार, मध्ये बूट काढायची खोली, खिडक्यांना तिहेरी काचा. आणि इथे? बाहेर १४ तर घरात १६. शहाबादी फरशी, स्टीलची खुर्ची, न्हाणीघराची झडप १९८८ पासून बंद होत नाही. सोमवारी रंकाळ्यावरून घरी आलो तर घरातच जास्त गार वाटले. सौ. म्हणाली, ‘अलास्कात जाऊन आलेले ना तुम्ही?’ मी शाल मागितली.

तेव्हा ‘कोल्हापूर गारठले’ असे छापले असते तर मी स्वतः चार अंक जादा घेतले असते. गारठतो तो माणूस; गोठते ती वस्तू. तांबडा रस्सा गोठला, माझी मिशी गोठली, टनाना नदी गोठली. हे शब्द असे १४ अंशांवर उधळले, तर कधी काळी मसाई पठारावर खरेच दवाचे बर्फ झाले तर तुम्ही काय छापणार? शिवाय हवामानाच्या चौकटीत बाहेरच्या तापमानाखाली घरातलेही एक ओळ द्यावे. लोकांना तेच सोसायचे असते.

माझे नाव कृपया छापू नये. फोटो आधीच आला आहे आणि कट्ट्यावर मला आता ‘एस्किमो’ म्हणतात.

एका बाबतीत मात्र ‘गोठले’ अगदी खरे आहे, ते नाकारत नाही. खोबरेल तेलाची बाटली सकाळपासून शेगडीजवळ उलटी करून ठेवली आहे. अजून तळाला पांढरे दिसते आहे. ते सुटले की अंघोळीला जाणार, तोवर हे पत्र लिहून झाले.

आपला,
एक निवृत्त फोरमन,
मंगळवार पेठ, कोल्हापूर