हरताळ आणि संवत

प्रिय बंड्या,

चार महिने पत्र नाही, रागावला असशील. प्रकृती ठीक, गुडघा तसाच.

आज लिहितोय ते जिनप्रभसूरी या जैन आचार्यांमुळे. त्यांच्या 'विविधतीर्थकल्प' या तीर्थांवरच्या ग्रंथाच्या शेवटी वर्ष अंकांऐवजी शब्दांत आहे ना? नंद ९, अनेकप म्हणजे हत्ती ८, शक्ति ३, शीतगु म्हणजे चंद्र १. उजवीकडून वाचायचं: विक्रम संवत १३८९. भाद्रपद वद्य दशमी, वार 'सौम्य', म्हणजे बुध. (तू सोमवार वाचून दिवसभर भांडला होतास!)

मी आपल्या पोथ्यांच्या यादीत इसवी सन काढायला संवतातून सरसकट ५७ वजा केले, म्हणून १३३२ लिहिलं गेलं. पण उत्तरेत संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. कार्तिकादी धरला तर हाच भाद्रपद १३३३ चा. त्यात ग्रंथ पुरा झाला दिल्लीत. तिकडचा महिना पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा; त्यांचा भाद्रपद वद्य म्हणजे आपला श्रावण वद्य. म्हणजे दोन वर्षं आणि प्रत्येकात दोन महिने, असे चार दिवस तपासायचे आणि बुधवार कुठे पडतो ते बघायचं. हे एका नोंदीचं झालं. गुजरातेतल्या पाटणच्या कार्तिकादी पोथ्यांपैकी माघ ते आश्विनातल्या सगळ्या मी एक वर्ष मागे ढकलल्यात. झोप लागत नाही रे.

मेरुतुंगाला तू गप्पिष्ट म्हणायचास. मला ते अजून पटत नाही. संवत १३६१ मध्ये वढवाणला 'प्रबंधचिंतामणी' पुरा करणारा हा जैन साधू वनराज राजाने संवत ८०२ मध्ये अणहिलवाड (म्हणजे पाटण) वसवल्यापासून राजागणिक राज्यवर्षं देतो. भोजाच्या गोष्टी बाजूला ठेव, तो सांगाडा बघ.

आणि छायाप्रतींवर विसंबू नकोस. लेखनिक चुकीच्या अक्षरावर हरताळ, म्हणजे पिवळं खनिज रंगद्रव्य, फासून वर नवं अक्षर लिहीत. काळ्या-पांढऱ्या प्रतीत ती दिसतच नाही, अंक बदललाय हे कळत नाही. पडिमात्रेचंही तेच. ए-काराची रेघ अक्षराच्या आधी उभी असते, म्हणून 'तदेव'चं आपण 'तादव' करून बसतो. बापूंच्या नकलेत असे किती तरी आहेत. त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल.

पैठण आणि नाशिकचे कल्प, म्हणजे 'विविधतीर्थकल्पा'तली प्रकरणं, मूळ पोथीवरून पुन्हा लावायचेत. सूरी देवगिरीला राहून गेलेले, तेव्हा ती पानं आपण तरी चुकवता कामा नयेत.

स्वामीकन्नू पिल्लैंचे पंचांग-कोष्टकांचे खंड तुझ्याकडेच आहेत. चारी दिवसांचे वार काढून लगेच कळव.

नवं घर लागलं का? वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
दादू