अहमद कचेरीत का गेला नाही?

महोदय,

कालच्या पुरवणीत कॅथरीन मार्श यांच्या ‘नोव्हेअर बॉय’ या कादंबरीचं परीक्षण वाचलं. सीरियातल्या अलेप्पोहून एकटाच पळून आलेला अहमद ब्रुसेल्समध्ये मॅक्स या अमेरिकन मुलाच्या घराच्या तळघरात लपतो, त्याची ही गोष्ट. मुलांच्या पुस्तकाला अर्धं पान दिलंत, याबद्दल आभार. मात्र परीक्षकांनी जिला कथानकातली ‘ढोबळ चूक’ म्हटलं आहे, ती चूक नाहीच, आणि हे न सांगता राहवत नाही.

त्यांचा आक्षेप असा, की बेल्जियममध्ये कायदा आहे, निर्वासितांसाठी कचेरी आहे, मग चौदा वर्षांचा मुलगा तिथे जाऊन नाव नोंदवायचं सोडून परक्याच्या तळघरात का लपतो?

कचेरी होती. पण २०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात त्या कचेरीने दिवसाला अडीचशे नोंदींची मर्यादा घातली होती. ज्यांचा नंबर लागत नसे ते समोरच्या मॅक्सिमिलियन पार्कमध्ये तंबूत झोपत. आपण परत कधी यायचं, हेही अनेकांना धड ठाऊक नसे. नोंदणी म्हणजे खिडकीशी जाऊन नाव सांगणं, असं परीक्षकांना वाटत असेल तर तसं ते नव्हतं.

मग बोटांचे ठसे. आश्रय मागणाऱ्यांच्या ठशांची सामाईक नोंद ठेवणाऱ्या, युरोपीय संघाच्या तेव्हाच्या ‘युरोडॅक’ नियमानुसार वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की ठसे घ्यायचे. म्हणजे अहमद नेमका उंबरठ्यावर. ठसे एकदा यंत्रात गेले की वाटेत दुसऱ्या कुठल्या देशाने ते आधी घेतले आहेत का, हे लगेच कळे, आणि आश्रयाचा अर्ज कोणत्या देशाने हाताळायचा हे ठरवणाऱ्या तेव्हाच्या डब्लिन नियमाखाली मोठ्या माणसाला त्या देशात परत धाडता येई. एकट्या अल्पवयीन मुलाला मात्र असं सहसा परत धाडता येत नसे. जवळचं कुणी दुसऱ्या देशात कायदेशीरपणे राहत नसेल, तर मूल जिथे आहे आणि जिथे त्याने अर्ज केला आहे तोच देश जबाबदार, असा निकाल युरोपीय न्यायालयाने जून २०१३ मध्ये दिला होता. बेल्जियममध्ये २००४ पासून अशा मुलांना सरकारतर्फे कायदेशीर पालकही नेमून मिळतो. कायदा अहमदच्या बाजूचा होता. पण हे चौदा वर्षांच्या मुलाला सांगणार कोण? त्याच्याशी बोलणारी माणसं म्हणजे पैसे घेऊन सीमा ओलांडून देणारे दलाल. ‘ठसे दिलेस की परत पाठवतील’ ही बातमी तंबूतंबूत फिरत होती आणि मोठ्यांच्या बाबतीत ती खोटीही नव्हती.

शिवाय ‘मी चौदाचा आहे’ हे नुसतं बोलून चालत नाही. वयाबद्दल शंका आली तर मनगट, गळ्याखालची हासळी आणि दात, असे तिन्हीचे एक्स-रे काढतात. मनगटाची तुलना ज्या चित्रसंग्रहाशी करायची प्रथा आहे, तो १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांच्या एक्स-रेंवर बेतलेला. युद्धात उपासमार सोसलेल्या मुलांची हाडं त्यात नाहीत. अंदाज एक-दोन वर्षांनी सहज चुकतो, आणि सतरा वर्षांचा मुलगा एकोणीसचा ठरला की नेमलेला पालक, मुलांसाठीचं वेगळं निवासस्थान आणि ते न्यायालयीन संरक्षण, सगळं एकदम हातचं जातं.

आणि अर्जात विचारतात : सोबत कोण आहे, वडील कुठे आहेत? ज्याचे वडील डोळ्यांदेखत समुद्रात नाहीसे झाले, त्या मुलाने त्या रकान्यात काय लिहायचं? परीक्षकांनी एवढा विचार केला असता तर तळघराचा अर्थ लागला असता.

पोलीस अधिकारी ‘उगाच पुन्हा पुन्हा’ मॅक्सच्या दारात येतो, हाही आक्षेप टिकत नाही. ब्रुसेल्समध्ये नवा पत्ता नोंदवला की त्या भागाचा पोलीस स्वतः घरी येतो, घंटीवर नाव आहे का पाहतो, घरात माणसं खरोखर राहतात याची खात्री करतो. अमेरिकन कुटुंबालाही हे चुकत नाही. त्यात पॅरिसच्या हल्ल्यानंतर, २१ नोव्हेंबर २०१५ पासून ब्रुसेल्सची मेट्रो बंद झाली, २३ आणि २४ तारखेला शाळाही बंद राहिल्या. अशा दिवसांत तळघराच्या पायऱ्यांवर बूट वाजणं म्हणजे काय, हे लेखिकेने नेमकं टिपलं आहे.

परीक्षणात मॅक्सला दोनदा ‘बेल्जियन मुलगा’ म्हटलं आहे. तो बेल्जियन नाही, वडिलांच्या नोकरीमुळे आलेला अमेरिकन आहे. त्यालाही भाषा येत नाही, वर्गात तोही एकटाच. दोघेही परके आणि कागदपत्रं एकाकडेच, यावरच तर अख्खी मैत्री उभी आहे! तेच काढून टाकलं तर पुस्तकात उरतं काय? आणि मथळ्यात अहमदला ‘घुसखोर’ कुणी केलं? निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा करारातलं एकतिसावं कलम जीव वाचवायला थेट पळून आलेल्याला विनापरवाना प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये असं सांगतं. त्याने विनाविलंब अधिकाऱ्यांसमोर यावं, अशी त्यात अटही आहे. म्हणूनच तळघरातला प्रत्येक दिवस त्याला आणखी अडकवत जातो. हा पेच बारा वर्षांच्या वाचकालाही कळतो.

जाता जाता आणखी एक. परीक्षणासोबत समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या सीरियन बाळाचं छायाचित्र छापलंत आणि खाली नाव दिलंत ‘आयलान’. त्याचं नाव अ‍ॅलन कुर्दी. २ सप्टेंबर २०१५ ला तो तुर्कस्तानातल्या बोद्रुमजवळ बुडाला. मुलांच्या पानावर ते छायाचित्र नकोच होतं, आणि छापलंच तर नाव तरी बरोबर हवं होतं. पुढच्या रविवारी ‘घुसखोर’, ‘बेल्जियन’ आणि ‘आयलान’ या तिन्हींची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक