शनिवारच्या तासाला वाटाणे भिजवूनच पाठवा

पालकमित्रहो, नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी साडेआठला तिसरी-चौथीच्या मुलांचा घनाकृतींचा तास आहे. प्रत्येकाबरोबर टूथपेस्टचं किंवा साबणाचं एक रिकामं खोकं आणि मूठभर पांढरे वाटाणे द्या. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालून सकाळी निथळून घ्या. मागच्या वेळी निम्म्या डब्यांत कोरडेच आले, टूथपिक काही केल्या घुसेना. (एका डब्यात शिजवून, फोडणी दिलेले होते. छान होते, पण संपले.)

टूथपिक आम्ही आणतोय. 8 वाटाणे आणि 12 काड्या जोडल्या की घन तयार: वाटाणे म्हणजे शिरोबिंदू, काड्या म्हणजे कडा. हा घन बोटाने ढकलला की कलतो, पण 4 वाटाणे आणि 6 काड्यांची त्रिकोणी सूची जागची हलत नाही. असं का, हे कृपया घरी आधीच सांगून ठेवू नका.

खोकी चेपू नका, ती उलगडायची आहेत. आत दुमडलेल्या पट्ट्या कापल्या की इष्टिकाचितीची 6 पृष्ठं सपाट पसरतात. घन तर 11 वेगवेगळ्या प्रकारांनी उलगडता येतो. त्यातले किती सापडतात बघू.

तोवर घरी गाजर चिरताना एक काप सरळ, एक तिरका करून दाखवा. आणि चेंडूला वर्तुळ नको, गोल म्हणा.

कोण येणार, ते गुरुवारपर्यंत कळवा.