मोबाइलवरील ग्रंथालयात मराठी मजकूर वाचता यायला हवा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

ग्रंथालयांनी मोबाइलवर यावे, ही मागणी आता जुनी झाली. काही ग्रंथालये आलीही आहेत. पुस्तकाची मुदत वाढवून घेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठवला तरी चालतो, वर्गणी यूपीआयने भरता येते आणि नव्या पुस्तकांची यादी फोनवर मिळते. गुडघ्यांमुळे जिना टाळणाऱ्या माझ्यासारख्या सभासदाला या सोयींचे मोल फार आहे. मात्र पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष पुस्तकच वाचकाच्या हातातल्या पडद्यावर देणे. तिथे एक मूलभूत गोष्ट राहून गेली आहे, आणि ठाण्यातील छापखान्यांत तीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केल्यामुळे ती मांडणे मला माझे कर्तव्य वाटते.

गेल्या पावसाळ्यात एका ग्रंथालयाच्या डिजिटल विभागातून मी एक जुने प्रवासवर्णन फोनवर उतरवून घेतले. ठाणे-वाशी गाडीत ऐरोली आले, तरी माझे पहिले पान पुरे झाले नव्हते. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे एकत्र बांधून पीडीएफ केलेली होती. डेमी आकाराचे, म्हणजे नेहमीच्या छापील पुस्तकाचे, पान सहा इंची पडद्यावर आले की अक्षर अगदी बारीक होते, मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवत बसावे लागते. शब्द शोधता येत नाही, कारण यंत्राच्या लेखी त्या पानावर शब्द नसतातच, फक्त चित्र असते. दृष्टिहीन वाचकाच्या फोनमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय असते, तीही अशा पानापुढे निरुपयोगी ठरते. जीर्ण झालेले ग्रंथ जतन करण्यासाठी ही छायाचित्रे आवश्यकच आहेत, परंतु त्यांनाच मोबाइलवरील ग्रंथालय म्हणणे मला पटत नाही.

मोबाइलसाठी आणि ई-रीडरसाठी, म्हणजे केवळ पुस्तके वाचण्यासाठी बनवलेल्या उपकरणासाठी, ईपब पद्धतीचे पुस्तक लागते. त्यात मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जातो आणि अक्षराचा आकार वाचक ठरवतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, म्हणून डोळ्यांना कमी शीण होतो. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर तर 2016 पासून मराठी पुस्तके अधिकृतपणे मिळू लागली आहेत. मग अडते कुठे? आपल्या जुन्या संगणकीय मजकुरात. प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या यूनिकोड या जागतिक पद्धतीच्या 1991 मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी आपल्या छापखान्यांत पुढे कितीतरी वर्षे निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट चालत राहिले. त्या फाइली डोळ्यांना मराठी दिसतात, पण यंत्र त्यांना रोमन अक्षरे आणि चिन्हे समजते. त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होत असे, यूनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. त्यामुळे मजकूर यूनिकोडमध्ये आणताना वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसतात, आणि अर्धा र बिघडला की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे देण्याऐवजी 'आचार्यांना' दिले जातात. ही चूक कोणतेही यंत्र खात्रीने पकडणार नाही. तिथे मराठी जाणणारा माणूस बसावा लागतो.

ग्रंथसूचीचीही तीच स्थिती आहे. एका ग्रंथालयाच्या सूचीत मी फोनवर देवनागरीत शीर्षक टाकले आणि काहीच सापडले नाही. पुस्तक मात्र कपाटात होते. नोंदी रोमन लिपीत केल्या होत्या, आणि 'ज्ञ'साठी तीन जणांनी तीन प्रकारचे स्पेलिंग वापरले होते. कोहासारखी ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणक प्रणाली यूनिकोडमधील देवनागरी नोंदी उत्तम सांभाळते, म्हणजे अडचण साधनांची नाही.

कोणती पुस्तके देता येतील, हा प्रश्न कायद्याच्या चौकटीत पाहिला पाहिजे. आपल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो, म्हणजे, उदाहरणार्थ, 1960 पर्यंत निवर्तलेल्या लेखकांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आज खुले आहे. 2012 च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्या संग्रहातील पुस्तक जतनासाठी संगणकात साठवण्याची मुभा दिली, तथापि नव्या पुस्तकाची अशी प्रत सभासदांना सरसकट वाटता येत नाही. त्यासाठी प्रकाशकाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि एका वेळी एकाच सभासदाला, ठरावीक मुदतीपुरते पुस्तक देण्याची परदेशी ग्रंथालयांतील पद्धत आपल्या प्रकाशकांनाही मान्य होण्यासारखी आहे, असे मला वाटते. लेखकाचा आणि प्रकाशकाचा हक्क बुडवून मिळणारी सोय मला नको आहे.

म्हणून माझी सूचना खुल्या झालेल्या साहित्यापासून सुरुवात करण्याची आहे. वि. ल. भावे यांनी 1893 साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले, तेव्हा ते अजून विशीतच होते. त्यांचे स्वतःचे लेखनही आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. त्यांच्याच शहराने निवडक शंभर जुने ग्रंथ शुद्ध यूनिकोडमध्ये, ईपब स्वरूपात तयार करावेत, आणि ऐरोली, वाशी, नेरूळपर्यंतच्या ग्रंथालयांनी ते आपापल्या सभासदांना द्यावेत. एकाने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा करण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना लहान पडद्यावर वाचणे जमत नाही, अशा ज्येष्ठांसाठी प्रत्येक ग्रंथालयाने चारपाच ई-रीडर अनामत रक्कम घेऊन, पुस्तकासारखेच पंधरा दिवसांसाठी घरी न्यायला द्यावेत. ते वापरून दाखवायला आठवड्यातून एक तास कर्मचारी उपलब्ध असावा, कारण उपकरण हातात देऊन भागत नाही.

मुद्रितशोधनासाठी माणसे मिळणार नाहीत, असे कोणी म्हणेल. नौपाड्यात, कोपरीत, ठाण्याबाहेर डोंबिवलीतही निवृत्त शिक्षक, मुद्रितशोधक आणि छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी आहेत, त्यांना कोणी विचारलेले नाही इतकेच. मी स्वतः आठवड्याला सहा तास विनामूल्य द्यायला तयार आहे. एखाद्या ग्रंथालयाने पहिला ग्रंथ निवडला, तर त्याची पहिली वीस पाने मी पंधरा दिवसांत तपासून देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक,
नौपाडा, ठाणे